जुना नकाशा आणि आपलें गांव

आपल्या गांवाचा इतिहास कोठें लिहिला आहे असें विचारिलें असतां बहुतेक गांवकरी हंसतात व म्हणतात, "इतिहास असावयाचा तो सोलापूरच्या किल्ल्याला आणि पंढरपूरच्या देवळाला, आमच्याकडे काय, ज्वारी आणि दगड." हें म्हणणें बरोबर नाहीं. या जिल्ह्यांतील अगदीं दहा घरांच्या वाडीचाहि इतिहास एका कागदावर काढून ठेविलेला आहे. त्यांत वाक्यें नाहींत. रेघा, ठिपके व रंग आहेत, म्हणून तो वाचावयास शिकावें लागतें. तो कागद म्हणजे सरकारी मोजणीचा जुना नकाशा. तो कसा वाचावा, त्यांत काय सांपडतें व काय सांपडत नाहीं, हें या पाठांत सांगण्याचा आमचा हेतु आहे. आमचे प्रचारक बंधु गांवोगांव हिंडतात, घरोघर बसतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गोष्टी ऐकतात. या कामास त्यांच्याइतका योग्य मनुष्य दुसरा आम्हांस दिसत नाहीं.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. नकाशा म्हटला कीं शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें तलाठ्याकडील गांवनकाशा येतो. तोहि उपयोगी आहे. १८३५-३६ च्या सुमारास शेजारच्या इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जमीनमोजणीची जी पद्धति बसविली, ती पुढें सोलापुराकडे व मुंबई इलाख्यांत सर्वत्र गेली. ३३ फुटी साखळी, एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हा आपला नित्याचा हिशेब त्याच मोजणीचा. परंतु गांवनकाशा आपल्या शिवेपाशीं थांबतो. शिवेपलीकडे काय आहे, टेकडी किती उंच आहे, बाजाराच्या गांवास वाट कोठून जात होती, हें त्यावरून कळत नाहीं.

दुसरा नकाशा निराळा. शाळेच्या पुस्तकांत त्यास स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात व कचेरींत टोपोशीट म्हणतात. तो भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो. हा विभाग १७६७ सालीं स्थापन झाला. पुढें १८०२ सालीं विल्यम लॅम्बटन यांनीं मद्रासेजवळ जमिनीवर एक सरळ रेघ साखळीनें अत्यंत बारकाईनें मोजली, व त्या रेघेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत मोजणी पुढें नेली. साखळीचें काम थोडें, कोनांचें गणित फार, अशी ती रीति होती. लॅम्बटन १८२३ सालीं वारले ते याच कामाच्या प्रवासांत, आपल्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें. देश फिरून त्याचें वर्णन लिहून काढण्याची कल्पना आमच्या वाचकांस नवी नाहीं. यहोशवाच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायांत प्रत्येक वंशांतील तीन तीन माणसें याच कामास निघतात, व नगरवार वर्णन लिहून शिलोस परत येतात.

त्रिकोणांचें जाळें पसरल्यावर गांवोगांव हिंडणारे मोजणीदार आले. त्यांच्यापाशीं तिपाईवर बसविलेली एक सपाट फळी असे. तिला प्लेन टेबल म्हणत. फळीवर कागद ताणलेला, व कागदावर आधीं मोजलेल्या टेकड्यांचे ठिपके मांडलेले. मोजणीदारानें उंचवट्यावर उभें राहून त्या टेकड्यांवर पट्टीनें नेम धरावा, रेघा माघारी ओढाव्या, व त्या जेथें एकमेकींस छेदतील तेथें आपण उभे आहों असें जाणावें. मग देऊळ, विहीर, ओढ्याचें वळण, माळावर एकटा उभा असलेला वड, हीं एकेक करून कागदावर बसवावीं. खलाशी निशाण घेऊन पुढें जाई व गांवचा माणूस नांवें सांगे. मोजणीदाराचें नांव दप्तरांत कोठें तरी असेल. नांवें सांगणाऱ्याचें मात्र कोठेंहि नाहीं. हा नांवें सांगणारा कोण होता, याचा विचार आपणांस पुढें करावयाचा आहे.

आतां आपल्या गांवाचा ताव ओळखावा कसा? सगळा देश चार अंश लांब व चार अंश रुंद अशा चौकटींत वांटलेला आहे व प्रत्येक चौकटीस आंकडा आहे. तिचे एकेका अंशाचे सोळा भाग, त्यांस इंग्रजी अक्षरें. त्या भागाचे पुन्हा सोळा ताव, त्यांस १ ते १६ आंकडे. सोलापूर शहर ४७ ओ/१४ या तावावर येतें, पंढरपूर ४७ ओ/६ वर, करमाळा ४७ एन/३ वर. अक्कलकोट सोलापुराच्या इतकें जवळ, परंतु तें ५६ सी/२ वर आहे. कारण ७६ वी रेखांशरेषा त्या दोहोंच्या मधून जाते. मोजणीदारास आपल्या तालुक्यांचें सोयरसुतक नव्हतें, त्यानें आकाशाच्या हिशेबानें जमीन कापली. त्यामुळें कांहीं गांवें अशींहि आहेत कीं ज्यांची पांढरी एका तावावर व शिवार दुसऱ्यावर. तेथें दोन ताव जोडून घ्यावे.

जुन्या तावाचें प्रमाण एका मैलास एक इंच असें असे. एका तावांत सुमारें २८० चौरस मैल मुलूख मावतो. १९५६ नंतर दशमान पद्धति आली व एका किलोमीटरास दोन सेंटिमीटर हें प्रमाण झालें. म्हणून जुना व नवा ताव एकमेकांवर ठेवून पाहूं नये, त्या जुळत नाहींत. रंगांचा अर्थ सोपा आहे. पाणी निळें, पेरलेली जमीन पिंवळी, झाडी हिरवी, घरें व मोठे रस्ते तांबडे. तपकिरी वांकड्या रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा. जुन्या तावांत दोन रेषांमध्यें बहुधा ५० फुटांचा चढ असतो. त्या एकमेकींस चिकटून आल्या तर कडा समजावा, दूरदूर गेल्या तर माळ. सोलापूरच्या तावावर त्या बहुतकरून दूरदूरच आहेत. लहान त्रिकोण व जवळ उंचीचा आंकडा दिसला तर ती मोजणीची टेकडी. देऊळ, मशीद, ख्रिस्तमंदिर, थडगें, बांधीव विहीर, कच्ची विहीर, या प्रत्येकास निराळी खूण आहे. फार काय, मोजणीदारानें खूण म्हणून धरलेल्या एकट्या झाडासहि आहे.

ताव हातीं आल्यावर पहिल्यानें कडेची बारीक अक्षरें वाचावीं. मोजणी कोणत्या सालीं झाली व छपाई कोणत्या सालीं झाली, या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. कित्येकदां जुन्या मोजणीवरच नवा रस्ता किंवा नवी रेल्वे तेवढी वाढवून ताव पुन्हा छापीत. हें लक्षांत न घेतल्यास आजोबांच्या काळचें गांव बापाच्या काळचें समजलें जाईल.

ताव मिळविण्याचें काम आतां पूर्वीइतकें कठीण राहिलेलें नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या लष्करी नकाशा खात्यानें भारतीय सर्वेक्षण विभागाच्याच कागदांवरून यू-५०२ नांवाची मालिका छापली. तिचे ताव टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानें सर्वांस मोकळे ठेविले आहेत. त्यांचें प्रमाण लहान, एका सेंटिमीटरांत अडीच किलोमीटर, तरी गांवें, वाटा व नद्या दिसतात. सर्वेक्षण विभागानेंहि आपल्या नव्या खुल्या मालिकेचे ताव २०१७ सालापासून नागरिकांस विनामूल्य देण्यास आरंभ केला. त्यांच्या जोडीस सोलापूर जिल्ह्याचें १८८४ सालचें गॅझेटियर असलें म्हणजे सामग्री पुरी झाली. हायस्कुलांत शिकणारा एखादा मुलगा हाताशीं घेतल्यास हें सर्व तो एका दुपारीं जमवून देईल.

आतां प्रत्यक्ष वाचूं लागूं. पहिली अडचण नांवांची. जुन्या तावावरील नांवें इंग्रजी लिपींत आहेत, व त्या लिपींत ‘ळ’ नाहीं, ‘ट’ आणि ‘त’ यांत भेद नाहीं. टाकळी व ताकली हीं दोन्ही तेथें एकाच अक्षरांनीं लिहिलीं जातील. म्हणून नांव कागदावरून घेऊं नये, तोंडून घ्यावें. खुर्द व बुद्रुक हे फारशी शब्द. बुद्रुक म्हणजे मोठें, खुर्द म्हणजे धाकटें. पण आज कित्येक ठिकाणीं खुर्द फुगलें आहे व बुद्रुक ओसरलें आहे. नांव जुन्या दिवसांची साक्ष देत बसलें आहे, माणसें मात्र पाण्यामागें, सडकेमागें किंवा कारखान्यामागें पलीकडे गेलीं. ज्या गांवांच्या नांवापुढें वाडी आहे तीं बहुधा मूळ गांवांतून फुटून निघालेलीं. कोणत्या गांवांतून व कां, हा प्रश्न तेथील सर्वांत वृद्ध मनुष्यास विचारावा.

तावावर कोठें कोठें ओसाड गांवाची खूण आढळते. महसुली भाषेंत अशा गांवास बेचिराख म्हणतात, म्हणजे जेथें दिवा लागत नाहीं तें. आमच्या मतें साऱ्या तावांत या खुणेइतकी बोलकी खूण दुसरी नाहीं. गांव कशानें मोडलें? पटकीनें, पेंढाऱ्यांनीं, होळकरी धामधुमींत व तिच्यामागून आलेल्या १८०३-०४ च्या दुष्काळांत, कीं विहीर आटल्यामुळें? तावावर कारण दिलेलें नसतें. तेथें स्वतः जावें. नांगरलेल्या काळ्या रानांत मध्येंच राखट पांढऱ्या मातीचा उंचवटा दिसतो. त्यांत खापराचे तुकडे, जात्याची फुटकी तळी, बांगड्यांचे तुकडे लागतात. आपल्या भाषेनें गांवठाणास पांढरी व शेतास काळी म्हटलें आहे तें उगीच नव्हे; पिढ्यान् पिढ्यांची राख व भिंतींची माती मिसळून ती जागा पांढरी होते. पांढरीची माती शेताला घालण्यासाठीं गाड्या भरून नेण्याची चाल आहे. ती माती सर्व उचलली गेली कीं त्या गांवाची शेवटची खूणहि गेली.

यानंतर रेल्वेच्या रेघा पाहाव्या. पुण्याकडून येणारी रेल्वे १८५८ सालीं भीमेकांठच्या डिकसळापर्यंत पोंचली व १८६० सालीं सोलापुरास आली. कुर्डुवाडीचें स्टेशन तेव्हां बार्शी रोड म्हणून ओळखलें जाई. तेथून १८९७ सालीं अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे निघाली. ती १९०६ सालीं पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास, व १९२७ सालीं मिरजेस पोंचली. कित्येक वर्षें वारकरी याच गाडीनें विठोबास गेले. आतां ते अरुंद रूळ नाहींत, मार्ग रुंद झाला आहे. ज्या ठिकाणीं तो थोडा सरकला तेथें जुना भराव कोठें शेताचा बांध झाला असेल, कोठें पायवाट. जुन्या तावावर ती रेघ सांपडली म्हणजे शेतांतील न कळणाऱ्या उंचवट्याचा उलगडा होतो.

आणि पाणी. सोलापूर जिल्ह्याचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशीं पाण्याचा इतिहास आहे. तुळजापूरच्या वाटेवरील हिप्परग्याचा एकरुख तलाव आदिला नदी अडवून १८७१ सालीं पुरा झाला. त्यानंतर पांच वर्षांतच १८७६-७८ चा तो भयंकर दुष्काळ आला, व हजारों माणसें सरकारी कामांवर खडी फोडूं लागलीं. जुन्या तावांतील कित्येक सडका व तलाव अशाच दुष्काळी हातांनीं झालेले आहेत. जुना ताव व १९७२ नंतरचा ताव शेजारीं शेजारीं ठेविले तर दुसऱ्यावर पूर्वीं नव्हते असे लहान लहान निळे ठिपके ओढ्याओढ्यावर उमटलेले दिसतात. ते पाझर तलाव. १९७२ च्या कामावर ज्यांनीं माती वाहिली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडी घेतली, त्या बाया आज गांवांत आहेत. त्यांस तलावाच्या बांधावर बसवून विचारावें, कोणता मुकादम होता, मजुरी काय मिळे, लेंकरू कोणाच्या झाडाखालीं निजवीत होतां. नकाशावरील एका निळ्या ठिपक्याचीं चार पानें भरतील.

अक्कलकोट, बार्शी व करमाळा या बाजूंच्या वाचकांनीं सीमेची तुटक रेघहि पाहावी. १९४८ पर्यंत अक्कलकोट हें संस्थान होतें, व पूर्वेस आणि उत्तरेस निजामाचें राज्य. नळदुर्ग व तुळजापूर त्या राज्यांत. नाक्यापलीकडे नाणें निराळें, कायदा निराळा, आणि सोयरेधायरे मात्र दोहों बाजूंस. तुळजापूरचा मुलूख १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला. ती तुटक रेघ आतां जिल्ह्याची हद्द आहे.

येथवर नकाशांत काय आहे तें सांगितलें. आतां त्यांत काय नाहीं तें सांगूं, व या ठिकाणीं आम्ही वाचकांचें विशेष लक्ष मागतों.

गांवाचा तांबडा ठिपका तावावर एक असतो. परंतु गांव एक नव्हतें. गांवकुसाच्या आंत एक गांव होतें, व बाहेर, ज्यास त्या काळीं महारवाडा किंवा मांगवाडा म्हणत, तें दुसरें. पुष्कळ तावांवर या बाहेरच्या वस्तीस चार लहान चौकोन आहेत, नांव नाहीं. पुष्कळांवर चौकोनहि नाहींत. गांवकूस तरी कोणी बांधिलें? मंगळवेढ्याचें कूस बांधतांना तें ढासळून त्याखालीं चोखोबा १३३८ सालीं गाडले गेले असें परंपरा सांगते. आंतल्या लोकांच्या रक्षणाची भिंत बाहेरच्या लोकांनीं रचावयाची, अशी ती वहिवाट होती. विहिरीचें तसेंच. तावावर बांधीव विहिरीची निळी खूण आहे; तींतून कोणी पाणी काढावें व कोणी पायरीपाशीं मडकें ठेवून वाट पाहावी, हें त्या खुणेंत नाहीं. महाडचें चवदार तळेंहि नकाशावर इतर तळ्यांसारखेंच एक तळें आहे. १९२७ सालीं हजारों माणसें तेथें केवळ ओंजळभर पाणी पिण्यास कां जमलीं, हें तळ्याच्या निळ्या रंगावरून कोणास कळेल?

आणि तरीहि या बाहेरच्या वस्तीवांचून नकाशा झालाच नसता. दोन गांवांत शिवेचा तंटा पडला म्हणजे दख्खनांत महाराची साक्ष मोठी मानीत. शिव कोणत्या दगडावरून कोणत्या निंबाकडे जाते, कोणत्या ओढ्याच्या कोणत्या कांठानें वळते, हें त्यास तोंडपाठ असे. तो शिव चालून दाखवी, व ती चाल तीच हद्द. सरकारी माणसास वाट दाखविणें, टपाल व सारा पोंचविणें, हीं कामेंहि त्याचींच. मोजणीदारास ओढ्यांचीं व टेकड्यांचीं नांवें बहुतेक ठिकाणीं अशाच माणसानें सांगितलीं असावींत असें मानण्यास जागा आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे पणजे असे होते. कागदाचा नकाशा येण्यापूर्वीं गांवचा नकाशा त्यांच्या पायांत व जिभेवर होता, आणि कागदावर उतरला तेव्हां त्यांची वस्ती तेवढी बिननांवाची राहिली.

म्हणून आमची सूचना अशी आहे. तावावरून पातळ कागदावर आपल्या गांवाची चौकट मोठी करून उतरून घ्यावी, व जें त्यांत नाहीं तें आपण भरावें: जुनी वस्ती कोठें होती, तिची विहीर कोणती, वतनी इनामाची जमीन कोणती, मसणवट कोठें, पहिली शाळा कोणाच्या ओसरीवर भरली, प्रार्थना प्रथम कोणत्या झाडाखालीं झाली. मंडळीचें बाप्तिस्म्याचें जुनें पुस्तक असल्यास तें उघडावें. त्यांत जीं गांवें आतां कोणी बोलत नाहीं त्यांचींहि नांवें सांपडतात, व तीं तावावर शोधतां येतात. इनामाविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं, व पुढें गटवारी होऊन पुष्कळ ठिकाणीं सर्व्हे नंबर बदलून गट नंबर आले. तेव्हां स्थलनिर्देशक नकाशा मालकीचा पुरावा म्हणून कोणापुढें नेऊं नये. त्यासाठीं भूमि अभिलेख कचेरीचेच कागद लागतात. आम्ही सांगतों तें काम तंट्याचें नाहीं, आठवणीचें आहे.

तें त्वरेनें कां करावें, यासहि कारण आहे. २०२० च्या डिसेंबरांत राज्य मंत्रिमंडळानें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें काढून टाकण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच आहे. तीं नांवें कोणाच्या दारावर राहूं नयेत. परंतु पाटी बदलली कीं वीस वर्षांनीं मुलांस ती वस्ती कोठें होती व तेथें कोण राहत होतें हेंहि सांगतां येणार नाहीं. अपमान पुसावा, माणसें पुसूं नयेत.

विचारण्याची रीतहि सांगितली पाहिजे. चावडीवर सर्वांस एकत्र बसवून विचारूं नये. तेथें ज्याचा आवाज मोठा त्याचेंच गांव कागदावर येतें. शिव व वाटा पुरुषांस ठाऊक असतात. पाणी, सरपण, गोंवऱ्या, बाळंतपण व मसणवट यांच्या जागा बायांस. त्यांस निराळें विचारावें. "आजी, तुम्ही नवी नवरी होऊन आलांत तेव्हां पाण्याला कोणत्या वाटेनें जात होतां?" एवढा प्रश्न पुरे. "इतिहास सांगा" म्हटलें तर आजी म्हणेल, "मला बाई काय ठाऊक?" आणि शक्य असेल तर त्यांस जागेवर न्यावें, घरांत बसून जें आठवत नाहीं तें पायांखालीं वाट आली म्हणजे आठवतें. दोघांचें सांगणें जुळलें नाहीं तर दोन्ही लिहावीं. सांगणाराचें नांव, वय व तारीख प्रत्येक पानावर घालावी, आणि त्याची परवानगी घेतल्यावांचून पान कोणास दाखवूं नये.

हें सर्व जेथें अत्यंत निकडीचें आहे तो मुलूख भीमेच्या कांठीं, करमाळा व माढा तालुक्यांत आणि पलीकडे इंदापूर व कर्जत या बाजूंस आहे. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. या पाण्यानें सोलापूर शहराची तहान भागविली व जिल्ह्यांत ऊंस आणिला, हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु त्याखालीं भीमाकांठचीं गांवें गेलीं, व त्यांबरोबर मळईचीं शेतें, घाट, आमराया, थडगीं. नव्या तावावर तेथें एक मोठा निळा रंग आहे. जुन्या तावावर त्याच चौकटींत नदी ही दोन दरडींमधील एक वळसे घेणारी रेघ आहे. तिच्या दोहों कांठांस गांवांचे तांबडे ठिपके आहेत, व गांवांतून नदीकडे उतरणाऱ्या पायवाटा आहेत. आम्ही हे दोन ताव शेजारीं ठेवून कोणासहि दाखविले तरी पहिल्यानें कोणी बोलत नाहीं.

डिकसळचा जुना रेल्वेपूल या फेरबदलाचा साक्षी आहे. पाणी चढणार म्हणून रेल्वे दुसरीकडून नेली, व इंग्रजी अमदानींतील तो पूल करमाळा व इंदापूर यांमधील माणसांच्या व गाड्यांच्या रहदारीस आला. इतरत्र जेथें पूल नाहीं तेथें होडी. पूर्वीं उन्हाळ्यांत जेथें नदीचें पात्र तेवढें ओलांडावयाचें, तेथें आतां कांठापासून कांठापर्यंत समुद्रासारखें पाणी आहे. २०२४ च्या मे महिन्याच्या २१ तारखेस करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीस जाणारी होडी वादळांत उलटली व सहा माणसें बुडालीं. समोरासमोरचीं हीं दोन गांवें सोयरीक, बाजार व शेती यांनीं एकमेकांशीं बांधलेलीं. मधलें अंतर नदीनें ठेविलें होतें त्याहून धरणानें किती वाढविलें, हें जुन्या तावावर पट्टी ठेवून मोजतां येतें.

ज्या वर्षीं पाऊस कमी होतो त्या वर्षीं एप्रिल-मे महिन्यांत पाणी मागें हटतें, आणि गाळांतून जुनीं बांधकामें वर येतात. इंदापूरकडे पळसदेव येथील पळसनाथाचें प्राचीन देऊळ, कुगांवचा इनामदारांचा वाडा, हीं अशा वेळीं पाहावयास दुरून लोक येतात, छायाचित्रें घेतात व परत जातात. देऊळ व वाडा दगडाचे, म्हणून उरले. मातीच्या भिंतींचीं घरें विरघळून गेलीं. त्यांच्या जागीं दिसला तर एखादा उंबऱ्याचा दगड, एखादें उखळ. तीं कोणाचीं, हें पाहुण्यांस कळत नाहीं. १९७८ सालीं जी सून तीस वर्षांची होती ती आतां पंचाहत्तरीच्या पुढें आहे, व तें उखळ पाहून ती सांगूं शकेल कीं हें आमचें, हें जाऊबाईंचें, येथून चार पावलांवर चूल होती. तिच्यानंतर हें सांगणारें कोणी नाहीं. पुनर्वसनाच्या गांवांतील मुलांनीं मूळ गांव पाहिलेलें नाहीं. त्यांच्या शाळेच्या भिंतीवरील नकाशांत तें निळ्या रंगाखालीं आहे.

त्या भागांतील आमच्या प्रचारक बंधूंनीं येत्या उन्हाळ्याची वाट पाहूं नये. पावसाळ्यांतच वृद्धांकडे बसून पातळ कागदावर गांव उतरवावें: गल्ल्या, घरें, कोणाशेजारीं कोण, बाहेरची वस्ती, तिची विहीर, मळईच्या प्रत्येक पट्टीचें नांव, नदीचे उतार, थडग्यांची जागा. मग पाणी ओसरल्यावर तो कागद घेऊन त्यांच्यासह तेथें जावें, व जें बसत नाहीं तें तेथेंच सुधारून घ्यावें. गाळ वरून वाळलेला दिसतो पण आंत पाय रुततो, यासाठीं वृद्धांस एकट्यानें पुढें जाऊं देऊं नये, व होडींत बसावयाचें तर वारा सुटण्यापूर्वीं सकाळीं बसावें. टिपण पेन्सिलीनें करावें, कारण शाई भिजली कीं पसरते. घरीं आल्यावर कागदाच्या तीन प्रती कराव्या. एक सांगणाराच्या घरीं द्यावी, एक गांवच्या शाळेंत, व एक मंडळीच्या पेटींत बाप्तिस्म्याच्या पुस्तकाशेजारीं ठेवावी.